आईचा कॅन्सर आणि घरातले आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईचं आजारपण होऊन आता काही वर्षं झाली. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, अशा क्रमाने सगळं पार पडलं. तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येतात, मेसेज येतात. माणसं वेगळी, प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणतं औषध किती घ्यायचं हे इथे सापडणार नाही. आईची केमो चालू असेल आणि आत्ता तिला ताप असेल, तर थेट प्रश्न ६ वाचा. बाकीचं नंतर.

१. कालच रिपोर्ट आला. डोकं चालत नाहीये. आधी काय करू?

एक वही आणा. पुढून तारखा, तपासण्या, औषधं आणि आईला काय त्रास झाला ते लिहा. मागून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. सगळे कागद तारखेनुसार एका फायलीत लावा आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये ठेवा. यातला सर्वांत महत्त्वाचा कागद बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा. स्कॅन संशय दाखवतो, पण कॅन्सर आहे का आणि कुठल्या प्रकारचा, हे बहुतेक वेळा बायोप्सीच सांगते.

उद्याच्या उद्या उपचार सुरू झाले नाहीत तर हातचं जाईल, असं वाटतं. गाठीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये तपासण्या पूर्ण करायला एक-दोन आठवडे जातात आणि त्याने बिघडत नाही. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, मात्र थांबत नाही. श्वासाला अडथळा होत असेल किंवा मणक्यावर दाब आला असेल, तरीही थांबायचं नाही. पाठ दुखतेय आणि सोबत पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

पहिल्या भेटीत विचारायचं ते असं: कॅन्सर कुठला, किती पसरलाय, आणि उपचार कशासाठी करतोय? पूर्ण बरा करायला, की आटोक्यात ठेवायला? हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात कुणीच विचारला नव्हता. तीन महिने प्रत्येक जण आपापल्या मनातलं उत्तर धरून चालला होता.

२. रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज का?

नाही. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचलाय ते. गाठ लहान आणि जागच्या जागी असेल, तर ग्रेड ३ असूनही स्टेज पहिलीच असू शकते. रिपोर्टवरच्या टी, एन, एम या अक्षरांत टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) आणि एम म्हणजे दूरच्या अवयवात गेलाय का.

आणखी एक घोळ नेहमी होतो. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तर तो ‘हाडाचा कॅन्सर’ होत नाही. तो स्तनाचाच राहतो आणि औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात.

३. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर पहिले नाराज होतील का?

अनुभवी डॉक्टरांना याची सवय असते. सरळ सांगा, ‘आम्हाला एकदा दुसरं मत घ्यायचंय, ब्लॉक आणि स्लाइड्स मिळतील का?’ ब्लॉक म्हणजे बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जपलेला असतो तो, आणि स्लाइड्स म्हणजे त्याचे काचेवर लावलेले पातळ काप. नुसता रिपोर्ट नेला तर दुसरे डॉक्टर पहिल्याचंच लिहिलेलं वाचणार. ब्लॉक नेला तर त्यांच्या पॅथॉलॉजिस्टला स्वतः बघता येतं. मात्र दुसऱ्या मतानंतर तिसरं, मग चौथं, असं सुरू झालं तर समजायचं की आपण मत शोधत नाही, आपल्याला हवं ते उत्तर शोधतोय.

‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीत हा धोका अगदी क्वचित असतो. बायोप्सीशिवाय अंदाजाने उपचार करण्यात धोका त्याहून कितीतरी मोठा.

४. बाबा म्हणतात, आईला सांगायचं नाही, तिला धक्का बसेल. काय करावं?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या आवाजावरून कळतं की घरात भांडण होऊन गेलंय.

बहुतेक आयांना कळलेलं असतं. वॉर्डाच्या दारावरची पाटी त्या वाचतात, शेजारच्या बेडवरच्या बाईशी बोलतात, तुमचा उतरलेला चेहरा बघतात. मग होतं काय, तुम्ही तिच्यापासून लपवता आणि तिला कळलंय हे ती तुमच्यापासून लपवते. दोन्हीकडून नाटक, आणि मधल्यामध्ये ती एकटी. शिवाय सह्या तिच्या, शरीर तिचं. कुठला उपचार चालेल आणि कुठला नको, हे ठरवायला तिला माहीत असायला हवं.

पण ‘सांगायचंच’ म्हणून एका दमात सगळं ओतायचं, असंही नाही. आधी विचारा: ‘आई, डॉक्टर काय म्हणाले ते तुला किती सविस्तर ऐकायचंय?’ काही जणींना आकडे हवे असतात. काही म्हणतात, ‘मला औषध कधी घ्यायचं तेवढं सांग, बाकी तू बघ.’ हा तिचा निर्णय झाला आणि तो मानायचा. न सांगणं तिने निवडलं तर ठीक, आपण तिच्या वतीने निवडलं तर नाही. आणि तिचं मत बदलू शकतं, म्हणून दर स्कॅनच्या वेळी पुन्हा विचारायचं.

बाबांशी वेगळं बोला. ‘तिला धक्का बसेल’ असं म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळदा स्वतःलाच तो बसलेला असतो. बातमी डॉक्टरांनी द्यावी आणि आपण शेजारी बसावं, एवढ्यावर बरेच बाबा तयार होतात.

अपवाद: आईला स्मृतिभ्रंश असेल तर दर वेळी नव्याने बातमी देणं म्हणजे दर वेळी नव्याने दुखावणं. तिथे ती विचारेल तेवढंच, सोप्या शब्दांत.

५. आम्ही तिघं भावंडं, पण सगळं माझ्याच अंगावर पडलंय. कसं वाटून घ्यायचं?

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य घरात बंद करा. त्याने काम कमी होत नाही, उलट सांगण्याचं एक काम वाढतं. कामं नावावर लावा. केमोच्या दिवशी सोबत कोण, फाइल आणि विम्याचे कागद कुणाकडे, औषधं कोण भरणार, रात्री कोण झोपणार, नातेवाइकांना कोण कळवणार. डॉक्टरांशी बोलायला शक्यतो एकच माणूस ठेवा, म्हणजे तीन जण तीन निरोप आणत नाहीत.

लांब राहणाऱ्या भावाला किंवा बहिणीला फोनवरून होणारी कामं द्या: अपॉइंटमेंट, विमा, हिशेब, नातेवाइकांचे फोन. आणि वर्षातून एकदा येऊन ‘हे असं का केलं नाही?’ विचारायचा हक्क त्या बदल्यात मिळत नाही, हेही प्रेमाने सांगून ठेवा. तो किंवा ती आली की तुम्ही चार दिवस बाहेर पडा. खरंच बाहेर, दुसऱ्या खोलीत नव्हे.

एक नाव मात्र यादीत हमखास राहतं: आईचं. तिच्याकडेही काही कामं राहू द्या (प्रश्न ९).

दोन आठवड्यांहून जास्त दिवस तुमची झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, कारण नसताना रडू फुटत असेल, तर तो नुसता थकवा नसावा. आईच्या डॉक्टरांकडे नाही, स्वतःच्या डॉक्टरांकडे जा.

६. केमोनंतर आईला ताप आलाय. सकाळपर्यंत वाट पाहू का?

नाही. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही तातडीची बाब आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तुमच्या हॉस्पिटलने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

कारण असं: केमोमुळे पांढऱ्या पेशी घटतात. बऱ्याच औषधांत डोसनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास त्या सर्वांत खाली असतात. त्या काळात साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा डॉक्टरांचा दंडक आहे. तेव्हा घरी घालवलेला वेळ महागात पडतो.

फोन करण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप दबतो आणि चित्र झाकलं जातं. पोचल्यावर पहिलं वाक्य ‘आई केमोवर आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला’ हे असावं. तारीख वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आम्ही ती फोनच्या कव्हरला आतून चिकटवली होती.

उलटही लक्षात ठेवा. ताप नाही, पण हुडहुडी भरली, आई अचानक असंबद्ध बोलायला लागली, दम लागला, तरी फोन करायचाच. स्टेरॉइड चालू असतील तर ताप वर येतच नाही असंही होतं. एक पाय सुजून दुखू लागला किंवा एकाएकी छातीत दुखून श्वास लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथेही सकाळची वाट पाहायची नाही.

७. आई काही खातच नाही. तिच्या आवडीचं केलं तरी ताट सरकवते.

चव खरंच बदलते. तोंडात धातूचा स्वाद येतो, वासाने ढवळून येतं. धातूचा चमचा बदलून बघा, थोडं थोडं आणि वारंवार द्या. गरम पदार्थापेक्षा गार किंवा कोमट पदार्थाचा वास कमी येतो. अपवाद ऑक्सालिप्लॅटिनचा. या औषधानंतर काही दिवस गार पाण्यानेही घशात कळ येते आणि बोटांना मुंग्या येतात.

केमोच्या दिवशी मुद्दाम आवडीचं करू नका. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाइन यांनी केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या आधी एका खास चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे त्या मुलांना तीच चव नकोशी झाली. मळमळ औषधाची असते, शिक्का पदार्थावर बसतो.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर नव्हे, सांगितलेल्या वेळी द्यायची. त्यातल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ऑन्डान्सेट्रॉनने, पोट घट्ट होतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश वापरा, मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा भरायला द्या. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर. प्रत्येक घासाची मोजदाद नको, जेवण म्हणजे परीक्षा होऊन बसते. दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल तर हॉस्पिटलला कळवा.

८. केस कधी जातात, आणि परत येतात का?

सगळ्याच औषधांनी जात नाहीत, आधी विचारून घ्या. ज्यांनी जातात, त्यांत बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर पुंजके दिसू लागतात. भुवया-पापण्याही जाऊ शकतात आणि त्याची कल्पना कुणी दिलेली नसते. केमो संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत बहुतेकींचे केस दिसण्याइतके येतात. पोत थोडा वेगळा असू शकतो.

आधीच कापायचे की नाही, विग की स्कार्फ, हे तिला ठरवू द्या. आणि सगळ्या घराने एकजुटीने टक्कल करायची टूम निघाली, तर आधी तिला विचारा. काही जणींना ते आवडतं. माझी आई म्हणाली होती, ‘मला आरशात एकच पुरे.’

९. दिवसभर पडून असते. उठवायचं की झोपू द्यायचं?

हा थकवा झोपून जात नाही. थोडं चालणं-फिरणं यानेच तो कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. दहा मिनिटं, घरातल्या घरात का होईना. रक्त कमी असेल किंवा हाडात आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असताना आईच्या बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजची बटणं लागेनात. एका बटणाला दोन-तीन मिनिटं लागायची, काजाच्या कडेवरून बटण निसटायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. भावाला बघवेना. त्याने एका रात्रीत सगळी बटणं काढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई खिडकीशी बसून ती चिकटपट्टी उसवत होती. ‘मला विचारलंस का?’ एवढंच म्हणाली. पुढे तिनेच सुचवलं: बटणं मोठी लावा, पण बटणंच लावा.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, हात लावण्याआधी विचारायचं. घरात ती जे ठरवत आली, ते शक्य तेवढं तिच्याकडेच राहू द्यायचं: हिशेब, कुणाला काय द्यायचं, कपाटाच्या किल्ल्या. बधिरपणा मात्र डॉक्टरांना नक्की सांगा, त्यावरून डोस बदलावा लागू शकतो. आंघोळीचं पाणी दुसऱ्याने हाताने पाहावं, कारण चटका बसलेला तिला कळणार नाही.

१०. घरात लहान बाळ आहे. आईच्या जवळ जाऊ द्यायचं का? रेडिएशन आमच्यात येतं का?

कॅन्सर संसर्गाने होत नाही. मांडीवर घेणं, पापा घेणं, एका ताटात जेवणं, काहीच बाधत नाही. बाळाला सर्दी-खोकला असेल तर उलटं, आईला बाळापासून जपायचं.

बाहेरून मशिनने दिलेल्या रेडिएशनने, ज्याला बरेच जण ‘शेक’ म्हणतात, आई किरणोत्सर्गी होत नाही. अपवाद शरीरात किरणोत्सर्गी पदार्थ देतात तेव्हाचा. थायरॉइडसाठी देतात त्या आयोडीनचा जोर निम्मा व्हायला सुमारे आठ दिवस लागतात, म्हणून बाळं आणि गरोदर बाईपासून काही दिवस लांब राहायला सांगतात. पेट स्कॅनमधल्या नेहमीच्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तिथे काही तासांचाच प्रश्न.

केमोची औषधं मात्र साधारण ४८ तास, काही वेळा थोडी जास्तच, लघवी, संडास आणि उलटीवाटे बाहेर पडतात. तेवढे दिवस झाकण लावून दोनदा फ्लश करा, साफ करताना हातमोजे घाला, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला नको. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी एक-दोन दिवस लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो.

११. साखर बंद केली तर कॅन्सर उपाशी मरतो ना? आणि कुणीतरी एक काढा सांगितलाय.

१९२० च्या दशकात ऑटो वारबुर्ग यांनी दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार वेगाने वापरतात. ते खरं आहे. पण आपण साखर सोडली तरी शरीर बाकीच्या अन्नातून ग्लुकोज बनवतंच. कॅन्सर उपाशी राहत नाही, आई राहते. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, आणि स्टेरॉइडने साखर वाढते म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवायचं.

काढे, चूर्णं, जास्त ताकदीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या: लपवून काही देऊ नका. काही वनस्पती यकृतात केमोच्या औषधांशी झगडतात, काहींनी रक्त पातळ होतं. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. सांगणारा माणूस चांगलाच असतो, पण काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, कोसळले की रात्री तो नसतो.

१२. मॉर्फिन लिहून दिलंय. म्हणजे शेवट आला का? व्यसन लागेल का?

दोन्ही नाही. मॉर्फिन किती दुखतंय त्यावर देतात, किती दिवस उरलेत त्यावर नाही. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या कॅन्सर रुग्णात व्यसन क्वचितच लागतं. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (बरं न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी आग्रह धरला तो याचाच: दुखणं असह्य होण्याची वाट न बघता घड्याळाच्या काट्यावर औषध द्यायचं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्या, कारण बद्धकोष्ठ हमखास होतं. अचानक बंद करू नका, आणि गोळ्या कुलपात ठेवा.

१३. भेटायला येणाऱ्यांना कसं आवरू?

वेळ ठरवा आणि दोष स्वतःकडे घ्या: ‘डॉक्टरांनी मला सांगितलंय.’ शिंकणाऱ्याला दारातूनच परत. ‘आमच्या अमक्याचं असंच झालं आणि तो गेला’ अशा गोष्टी सांगणाऱ्यांसाठी आई आणि तुमच्यात एक खूण ठरवून ठेवा. आमची खूण होती, ती चष्मा काढायची.

१४. आईला झाला, म्हणजे मला आणि बहिणीला होणार का?

बहुतेक कॅन्सर वारशाने येत नाहीत. साधारण ५ ते १० टक्क्यांत जन्मजात जनुकीय बदल सापडतो. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं अनुक्रमे १९९४ आणि १९९५ मध्ये ओळखली गेली. आईत असा बदल असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के, मग मुलगी असो की मुलगा. मुलगे हे नेहमी विसरतात.

तपासणी शक्यतो आधी आईची करायची. तिच्यात काय शोधायचं ते कळलं की तुमच्या तपासणीला अर्थ येतो. आई तरुण वयात आजारी पडली असेल किंवा घराण्यात आणखी कुणाला झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाकडे जाच.

१५. आई म्हणते, आता केमो नको. आम्ही हार मानायची का?

आधी शोधा की नक्की काय नको आहे. कधी ती उलट्यांना कंटाळलेली असते, कधी शीर सापडत नाही म्हणून वैतागलेली (त्यावर पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवायचं छोटं उपकरण, बसवता येतो), कधी तुमच्या खर्चाच्या काळजीने बोलते. कधी ते नैराश्य असतं, त्यावर उपचार आहेत. स्टेरॉइडच्या दिवसांत झोप उडून चिडचिड होते, तेव्हाचं बोलणं चार दिवसांनी पुन्हा पडताळा.

हे सगळं पाहून झाल्यावरही तिचं उत्तर तेच असेल, आणि पुढच्या केमोने काय मिळणार हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलेलं असेल, तर निर्णय तिचा आहे. याचा अर्थ उपचार संपले असा नाही. दुखणं, दम, मळमळ, झोप यांचा बंदोबस्त करणारी पॅलिएटिव्ह टीम असते आणि तिला लवकर बोलावलेलं बरं. २०१० मध्ये अमेरिकेत, शरीरात इतरत्र पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले रुग्ण बऱ्या अवस्थेत राहिले आणि जास्त जगले: मध्यक (मीडियन) ११.६ महिने, इतरांचा ८.९.

१६. उपचार संपले, रिपोर्ट छान आहेत. तरी आई गप्प गप्प असते. असं का?

उपचार चालू असताना रोज काहीतरी करायचं असतं. ते थांबलं की मनाला वेळ मिळतो. त्यात घरचे ‘चला, सुटलो’ म्हणून पेढे वाटल्यासारखे वागायला लागतात. थकवा, बधिरपणा, विसरभोळेपणा महिनोन् महिने राहू शकतो. फॉलोअपच्या तारखेच्या आधी आठवडाभर झोप उडणं हेही नेहमीचं. तिच्याबरोबर जा आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत ‘काही होणार नाही’ म्हणू नका.

१७. काल मी आईसमोर रडले. चुकलं का?

नाही. रोजच होत असेल तर प्रश्न ५ मधला शेवटचा भाग पुन्हा वाचा.